स्मार्ट डस्टबिन सगळ्यांनाच कसा सुचतो?

ऑगस्टमधली गोष्ट. रात्री साडेनऊला भाचीचा व्हॉइस मेसेज आला. ती जिंतूर तालुक्यातल्या एका गावात नववीत शिकते. "मामा, सरांनी इन्स्पायरसाठी आयडिया मागितलीय. उद्याच द्यायचीय. मी पाच काढून ठेवल्यात, तुम्ही फक्त सांगा कोणती भारी आहे."

खाली पाच आयडिया टाईप केलेल्या. हात जवळ नेला की झाकण उघडणारा स्मार्ट डस्टबिन. अंध व्यक्तींसाठी सेन्सरची काठी. जमिनीतला ओलावा कमी झाला की आपोआप सुरू होणारा पंप. हेल्मेट घातल्याशिवाय सुरूच न होणारी गाडी. पाऊस आला की आपोआप आत सरकणारी कपड्यांची दोरी.

"या कुठून आणल्यास?" मी विचारलं.

उत्तर लगेच आलं, लपवाछपवी काही नाही. "चॅटबॉटला विचारलं ना. दोन मिनिटांत दिल्या त्याने."

दुसऱ्या दिवशी परभणीत एका मित्राकडे गेलो होतो. त्याचा मुलगा आठवीत. सहज विचारलं, तर त्याच्या वहीतही पाच आयडिया होत्या आणि त्यातल्या तीन माझ्या भाचीच्याच. डस्टबिन, काठी, पंप. या दोघांनी एकमेकांना आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. शाळा वेगळ्या, गावं वेगळी, चॅटबॉटही दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. तरी उत्तरं जवळपास तीच. मला हसू आलं, मग थोडी काळजी वाटली आणि मग हा लेख लिहायला घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इन्स्पायर-मानक ही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना आहे. ती नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या मदतीने चालते. शाळेतल्या मुलांनी रोजच्या जगण्यातली अडचण हेरून त्यावर स्वतःची कल्पना द्यायची. शाळा ऑनलाइन पोर्टलवर पाच कल्पना पाठवू शकते. देशभरातून दहा लाख कल्पना गोळा करायच्या आणि त्यातल्या एक लाख निवडायच्या, अशी योजनेची मूळ आखणी आहे. निवड झालेल्या मुलाच्या बँक खात्यात मॉडेल बनवण्यासाठी 10,000 रुपये येतात. पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय प्रदर्शन. खेड्यातल्या मुलासाठी ही फार मोठी संधी आहे, कारण इथे क्लासची फी लागत नाही, इंग्रजी शाळा लागत नाही. लागते फक्त एक कल्पना, तीही स्वतःची.

आणि नेमकी तीच आता दोन मिनिटांत रेडिमेड मिळायला लागलीय.

यंत्राला 'नेहमीचं'च का सुचतं?

मित्रांनो, इथे चॅटबॉटचा दोष काढायचा नाहीये. तो कसा चालतो ते समजलं की डस्टबिनचं कोडं सुटतं. मी एक अर्धवट वाक्य देतो: "शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलाने बनवला स्मार्ट ___". रिकाम्या जागी तुमच्या डोक्यात काय आलं? बहुतेकांच्या डोक्यात डस्टबिन आला असणार, कारण प्रदर्शनाच्या बातम्यांत, यूट्यूबवर, शेजारच्या टेबलावर तोच पाहिलेला असतो. भाषेचं मॉडेल अगदी हेच करतं, फक्त अफाट प्रमाणावर. इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर वाचून ते शिकतं की अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त. मग शक्यतांमधून एकेक तुकडा निवडत ते उत्तर तयार करतं. निवडीत थोडा फासा टाकल्यासारखा भाग ठेवलेला असतो, म्हणून शब्द दरवेळी थोडे बदलतात. पण फासा फिरतो तो रुळलेल्या वाटेच्या आसपासच.

त्यात आणखी एक पायरी असते. मॉडेल तयार झाल्यावर माणसांना त्याची उत्तरं दाखवतात, कोणतं उत्तर बरं वाटतं ते विचारतात आणि त्यानुसार मॉडेलला वळण लावतात. त्यामुळे ते सभ्य आणि उपयोगी होतं, पण बहुतेकांना पटेल अशा सुरक्षित उत्तराकडे झुकतंही. "मला शाळेसाठी नवीन आयडिया दे" असं मोघम विचारलं, की समोरून येतं ते हजारो शाळांच्या जुन्या आयडियांचं सार.

इथे कुणी म्हणेल, "प्रॉम्प्ट नीट दिला असता तर वेगळं आलं असतं." बरोबर आहे. पण नीट प्रॉम्प्टमध्ये टाकायचं काय? त्यासाठी तुमच्याकडे आधी काहीतरी असावं लागतं. त्याच्यावर येतोच.

293 लेखक आणि आठ वाक्यांची गोष्ट

डस्टबिनचा अनुभव माझ्या दोन मुलांपुरता आहे, त्यावरून मोठं विधान करता येणार नाही. पण याच विषयावरचा एक चांगला प्रयोग जुलै 2024 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या संशोधनपत्रिकेत आला होता. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर या दोन संशोधकांनी 293 जणांना आठ वाक्यांची छोटी गोष्ट लिहायला सांगितली. काहींना कसलीही मदत नाही. काहींना जीपीटी-4 कडून एक कल्पना घेण्याची मुभा, काहींना पाचपर्यंत. मग 600 वेगळ्या वाचकांनी या गोष्टींना गुण दिले.

निकाल दुहेरी निघाला, म्हणून तो मला जास्त प्रामाणिक वाटतो. एआयची मदत घेतलेल्या गोष्टींना चांगले गुण मिळाले. सर्वांत जास्त फायदा झाला तो मुळात ज्यांची सर्जनशीलता कमी होती त्यांना. म्हणजे "एआयने काही होत नाही" असं म्हणणारे चुकीचे ठरले. पण याच गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर मदत घेतलेल्या गोष्टी आपसात जास्त सारख्या होत्या. एकट्याची गोष्ट सुधारली, सगळ्यांची मिळून विविधता आटली.

आता हे इन्स्पायरला लावून बघा. माझ्या भाचीची आयडिया तिच्या आधीच्या आयडियेपेक्षा कदाचित चकचकीत झाली असेल. पण परीक्षकासमोर तशाच चकचकीत हजार आयडिया असतील, तर तिचा उपयोग काय? स्पर्धेत नेमकं वेगळेपणच मोजलं जातं. आणि स्पर्धा सोडून द्या. जिंतूरच्या पोरीला जी अडचण रोज दिसते ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही, आणि तिनेही ती मांडली नाही तर ती अडचण कायमची तशीच राहते. मला खरी भीती याची वाटते.

कल्पना कशाची बनते?

आपल्याकडे कल्पनाशक्तीबद्दल एक गोड समज आहे: ती देवाने दिलेली असते, कुणाकडे असते, कुणाकडे नसते. मेंदूचं विज्ञान जरा वेगळं सांगतं, आणि गंमत म्हणजे ते सांगणारा माणूस तुम्ही एआयच्या बातम्यांत रोज बघता.

डेमिस हसाबिस. गूगल डीपमाइंडचे प्रमुख, प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या एआयसाठी 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक. डीपमाइंड 2010 मध्ये सुरू झाली. त्याआधी हा माणूस लंडनमध्ये मेंदूवर संशोधन करत होता. 2007 मध्ये त्याने एलेनॉर मॅग्वायर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो, आठवणी साठवण्यात त्याचा मोठा वाटा. त्या भागाला इजा झालेल्या, म्हणजे नव्या आठवणी ज्यांच्या लक्षात राहत नाहीत अशा पाच रुग्णांना त्यांनी सांगितलं: कल्पना करा, तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात. काय दिसतंय ते सांगा.

हा भूतकाळाचा प्रश्न नव्हता. आठवायचं काहीच नव्हतं, फक्त नवं चित्र मनात उभं करायचं होतं. तरी त्यांच्यातल्या बहुतेकांना ते जमेना. निळा रंग, वाळू असे सुटे तुकडे यायचे, पण एक जागा म्हणून चित्र उभं राहायचं नाही.

याचा अर्थ असा, की आठवण आणि कल्पना ही मेंदूतली दोन वेगळी दुकानं नाहीत. कल्पना करणं म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, हाताळलेले तुकडे नव्याने जोडणं. आपल्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी घ्या, 1985 ची. भेंडीवर हळद्या पडायचा, शिरा पिवळ्या व्हायच्या. इथल्या शास्त्रज्ञांनी 'पुसा सावनी' या चांगल्या भेंडीचा संकर तिच्या एका रानटी नातलगाशी केला आणि रोगाला तोंड देणारं वाण काढलं. रानातलं झुडूप आणि ताटातली भाजी हे दोन तुकडे ज्याच्या डोक्यात शेजारी शेजारी आले, त्यालाच हे सुचू शकतं.

म्हणजे "कल्पनाशक्ती कशी वाढवायची" हा प्रश्न बराचसा "डोक्यात काय साठवताय" असा होतो. चॅटबॉटकडे साठा अफाट आहे. पण त्या साठ्यात तुमचं काय आहे?

साठ्यात परभणी किती?

मी एक प्रयोग केला. चित्रं बनवणाऱ्या एका ॲपला सांगितलं, "परभणी जिल्ह्यात कापूस वेचणारी बाई काढ." दहा सेकंदांत चित्र आलं. दिसायला देखणं. बाईच्या डोक्यावर ओढणी, हातात चांदीचे जाडजूड कडे, काखेत वेताची गोल टोपली, मागे निळे डोंगर. कापूस असा, की झाडांवर ढगच बसलेत.

आमच्याकडची कापूस वेचणारी बाई अशी नसते. तिने साडीवर घरातल्या गड्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घातलेला असतो, ऊन लागू नये आणि पऱ्हाटीने हात ओरबाडू नयेत म्हणून. डोक्याला रुमाल किंवा पदर घट्ट गुंडाळलेला. कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधलेली, ती भरत जाते तशी ओढत जाते. बोटांना चिंधी नाहीतर चिकटपट्टी, कारण उकललेल्या बोंडाची वाळलेली टोकं नखाशेजारी घुसतात. यातलं एकही त्या चित्रात नव्हतं. मी चार वेळा दुरुस्त्या सांगितल्या. शर्ट आला, पण इस्त्रीचा.

हे का होतं तेही समजून घ्या. चित्रं बनवणारी मॉडेल्स चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा जोड्यांवर शिकतात. 2022 मध्ये खुला केलेला लायन-5बी हा अशा जोड्यांचा गाजलेला साठा. त्यात 585 कोटी जोड्या होत्या. त्यातल्या सुमारे 230 कोटी एकट्या इंग्रजीच्या. जवळपास तेवढ्याच उरलेल्या शंभरहून अधिक भाषांत मिळून, आणि बाकीच्यांची भाषाच ठरवता आली नाही. त्या शंभरात मराठी एक. त्या मराठीतही सेलू, पालम, सोनपेठच्या रानात कुणी फोटो काढून खाली "ओटी बांधलेली वेचणारी" असं लिहून नेटवर टाकलं असेल, याची शक्यता तुम्हीच ठरवा.

मग मॉडेल काय करतं? जे जास्त पाहिलंय त्यावरून अंदाज. 'भारत', 'खेडं', 'बाई', 'शेत' यांची जी सरासरी, ती आपल्या हातात ठेवतं. आणि आपण ती बघत राहिलो, की हळूहळू आपल्यालाही आपलं गाव तसंच आठवायला लागतं. मार्च 2025 मध्ये जिबली स्टाइलची लाट आली तेव्हा माझ्या व्हॉट्सॲपवर गल्लीतल्या सगळ्यांचे चेहरे एकसारखे झाले होते: तेच मोठे डोळे, तेच गुलाबी गाल. मीही माझा काढला होता, खोटं कशाला बोलू. मजा आली. पण ज्या स्टुडिओची ही शैली, तिथे ती हाताने एकेक चित्र काढत दशकानुदशकं घडलीय, हे त्या आठवड्यात कुणाच्या स्टेटसला नव्हतं.

गंगाखेडची मोलकरीण

आता थोडं मागे जातो. सातशे वर्षं मागे, पण जिल्हा हाच.

संत जनाबाई गंगाखेडच्या, गोदावरीकाठच्या. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी कामाला राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी वेचणं. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. भक्तीचा भाग बाजूला ठेवून मी एकच गोष्ट दाखवतो. तोवरचा देव राजासारखा: सिंहासन, मुकुट, शंख-चक्र. जनाबाईंचा विठ्ठल काय करतो? त्यांच्याबरोबर जातं ओढतो. झाडलोट करतो. शेणी वेचायला येतो. तो हाताखालच्या गड्यासारखा घरकामाला जुंपलेला देव आहे.

हे आलं कुठून? त्यांच्याजवळ साठा होता तो जात्याचा, केरसुणीचा, शेणीचा. त्यांनी तोच वापरला. देव हा एक तुकडा आणि जातं हा दुसरा तुकडा, दोन्ही एकत्र. सातशे वर्षांनंतरही हे नवं वाटतं, कारण ते उसनं नव्हतं.

आणि जातं म्हटलं की वेळेचा मुद्दा येतो. दळताना हात गुंतलेले, डोकं मोकळं. पहाटेचा अंधार, घरघर एका लयीत. मराठी बायकांनी त्या वेळात किती ओव्या रचल्या याची थोडीफार कल्पना आज मोबाईलवरही येऊ शकते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या टप्प्याटप्प्याने येताहेत, आवाजासकट. त्यात परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरेही आहेत, 1990 च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेल्या. सीतेच्या वनवासावर त्यांनी गायलेल्या ओव्या हेडफोन लावून ऐका. ही बाई पोथीतली सीता सांगत नाही, शेजारच्या घरातून हाकलून दिलेल्या बाईबद्दल बोलावं तसं बोलते.

जात्याचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये. ते कष्टाचं काम होतं, कुणी हौसेने करत नव्हतं. गिरणी आली ते फार बरं झालं. आजीला विचारा, ती जात्याकडे परत जाणार नाही. पण हात गुंतलेले आणि डोकं मोकळं असा जो वेळ त्या कामाबरोबर आपोआप मिळायचा, तो आपण कुठे ठेवला?

माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे: रील्समध्ये. जिंतूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून पूर्वी मी नुसता बाहेर बघायचो. आता फोन काढतो. बस सुटायच्या आधीच काढतो.

2014 मध्ये इंग्लंडमध्ये सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांनी एक मजेशीर प्रयोग केला. काही जणांना पंधरा मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले. शुद्ध कंटाळा. मग सगळ्यांना विचारलं, प्लॅस्टिकच्या दोन कपांचे किती उपयोग सुचतात? कंटाळलेल्यांना जास्त सुचले. दुसऱ्या फेरीत नंबर लिहायचेही नव्हते, नुसते वाचायचे होते, म्हणजे कंटाळा आणखी घट्ट. त्यांनी आणखी चांगलं काम केलं. संशोधकांचा अंदाज असा, की कंटाळलेलं मन भटकायला लागतं आणि भटकताना लांबचे तुकडे जवळ येतात. प्रयोग छोटा आहे, डोळे झाकून मानू नका. पण मेंदू 'रिकामा' असतानाही त्यातलं एक जाळं जोरात काम करत असतं, हे 2001 पासून मेंदूशास्त्रात चांगलं रुजलेलं निरीक्षण आहे. आठवणी चाळणं, पुढचं चित्र रंगवणं ही कामं त्याच जाळ्यात चालतात. रील बघताना मनाला असं भटकायला वेळच मिळत नाही, कारण बाहेरून सतत नवं काहीतरी येत असतं.

आमच्या पिढीचे हाल दोन्हीकडून आहेत. साठा दुसऱ्याचा आणि रिकामा वेळही दुसऱ्याचा. मेट्रो शहरातल्या मुलाचं निदान जग तरी त्या डेटात आहे. त्याने सरासरी उचलली तरी ती त्याच्या ओळखीची असते. ताडकळसच्या मुलाने उचलली, तर त्याच्या वाट्याला इस्त्रीचा शर्टच येतो.

मग चॅटबॉट बंद करायचा का?

नाही. मी स्वतः रोज वापरतो. प्रश्न क्रमाचा आहे: आधी कोण बोलणार, तुम्ही की तो?

जून 2025 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबने 54 जणांवर केलेला अभ्यास खूप गाजला. निबंध लिहिताना काहींना चॅटजीपीटी, काहींना सर्च इंजिन, काहींना काहीच नाही. चॅटजीपीटी वापरलेल्यांपैकी बहुतेकांना थोड्याच वेळापूर्वी लिहिलेल्या आपल्याच निबंधातलं एक वाक्यही नीट सांगता आलं नाही. "एआयने मेंदू सडतो" अशा मथळ्यांनी तो व्हायरल झाला, तो निव्वळ अतिरेक. माणसं थोडी होती, आणि निष्कर्ष आला तेव्हा इतर तज्ज्ञांनी तो तपासलेलाही नव्हता. पण मला त्यातला साठ्याचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. जे आपण रचलं नाही ते आपल्या आठवणीत उतरत नाही. म्हणजे पुढच्या वेळी जोडायला तो तुकडा आपल्याकडे नसतोच.

तर भाचीला मी काय सांगितलं? त्या रात्री तिला फोन लावला आणि म्हणालो, फोन ठेवला की चॅटबॉट उघडायचा नाही. झोपण्याआधी नुसतं आठवायचं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तू कापूस वेचायला गेली होतीस. तिथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? सरांना एक दिवस थांबायला सांग.

ती वैतागली. "मामा, ती काय आयडिया आहे का? ते तर रोजचंच आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज आला, या वेळी लांबलचक. बोंडाची टोकं बोटात घुसतात. आई चिकटपट्टी लावते, घामाने ती दुपारपर्यंत निघते. दुकानातले हातमोजे आणले होते, आईने तासाभरात काढून टाकले. ओटीत चांगला कापूस आणि कवडी एकत्र होते, मग रात्री बसून निवडावं लागतं. "यातलं कोणतं घेऊ?"

बघा, विचारायच्या आधी तिच्याजवळ काही नव्हतं असं नाही. तिच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अख्खी वेचणी भरून ठेवलेली होती. चॅटबॉटला ती ठाऊक नव्हती आणि तिला ती किमती वाटत नव्हती.

पोळ्याला मी त्यांच्या गावी गेलो. बैल सजून वेशीकडे गेले होते आणि ही पोरगी ओसरीवर सायकलची जुनी ट्यूब कापत बसलेली. बोटांच्या टोप्या करत होती, अंगठ्याला एक, तर्जनीला एक. आईला घालून बघायला लावल्या. बहिणीने पायलीतला थोडा कापूस चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "नगं बाई. बोट आंधळं व्हतंय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग तिने समजावलं. "दादा, वेचताना डोळे पुढच्या बोंडावर असतेत. पाकळी सुटली का नाही, ते बोटाच्या शेंड्याला कळतं. ह्ये झाकलं की आंधळ्यावानी वडावं लागतं, मग पाला बी संगं येतो."

हातमोजे तासाभरात का काढले, ते आता समजलं. माझ्या माहितीत हे वाक्य कोणत्याही वेबसाइटवर लिहिलेलं नाही. वर्षानुवर्षं कापूस वेचणाऱ्या बायकांना ते माहीत आहे, आणि कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

भाचीने कात्री घेतली आणि टोपीचा शेंडा कापून टाकला. आता रबर फक्त नखाच्या कडेने आणि बोटाच्या बाजूंना, जिथे टोकं घुसतात तिथे. शेंडा उघडा. बहिणीने पुन्हा घालून पाहिलं, काही बोलली नाही, पण काढलंही नाही. तशीच चहा ठेवायला आत गेली.

चॅटबॉट आम्ही त्यानंतर उघडला आणि या वेळी तो खरोखर कामाला आला. सायकलच्या ट्यूबपेक्षा मऊ आणि घाम न धरणारं काय वापरता येईल, हे विचारलं. असं साधन आधी कुणी केलंय का, ते कसं शोधायचं, हे विचारलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम चालतं, तर तिथे दाखवायचं ठरलं. पोर्टलवरचं वर्णन नीट करून घेतलं. प्रॉम्प्टमध्ये टाकायला आता तिच्याकडे भरपूर होतं: बोंडाची टोकं, घाम, चिकटपट्टी, उघडा शेंडा. उत्तरंही त्या मानाने निराळी आली. मध्ये एकदा त्याने "सेन्सर लावून स्मार्ट ग्लोव्ह बनवा" असं सुचवलं. भाचीने वाचून दाखवलं, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्याला म्हणावं, आधी वेचायला ये."

कल्पना शाळेने पाठवलीय. निवड होईल की नाही, माहीत नाही. वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होईल, तेव्हा खरी परीक्षा. तोवर कापलेल्या ट्यूबचे सहा तुकडे, मापं वेगवेगळी, चहाच्या जुन्या डब्यात घालून दिवळीत ठेवलेत. डब्यावर भाचीने पेनाने लिहिलंय: आईचे, हात लावू नये.